लुटुपुटूची जोडी आणि खराखुरा दिलासा

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या महिला कार्यक्रमात झालेलं भाषण)

जेवणं उरकली असतील, भांडी घासून पालथी घातली असतील. कुणी शेंगा फोडत ऐकत असेल, कुणी शिवणाच्या मशीनवर बसून. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

आजचा विषय आधी हलकाफुलका वाटेल. कॉलेजात जाणारी मुलगी किंवा भाची रात्री मोबाइलवर इंग्रजी कादंबरी वाचते, मध्येच स्वतःशी हसते. ‘काय गं वाचतेस एवढं?’ असं विचारलं की ‘काही नाही, लव्ह स्टोरी आहे’ म्हणते आणि कूस बदलते. या लव्ह स्टोरींमध्ये एक प्रकार सध्या फार लाडका आहे. त्याला म्हणतात ‘फेक डेटिंग’. आपल्या भाषेत सांगायचं तर लुटुपुटूची जोडी. आपण लहानपणी भातुकली खेळायचो, त्यात कुणी नवरा व्हायचा, कुणी बायको. तसंच हे, पण मोठ्या माणसांनी खेळलेलं.

गोष्टीची मांडणी साधारण अशी असते. एक मुलगी आणि एक मुलगा. दोघांमध्ये प्रेमबिम काही नाही, पण दोघांचीही एकेक अडचण आहे. तिला नको त्या माणसाला टाळायचं आहे, त्याला घरच्यांच्या तगाद्यातून सुटायचं आहे. मग दोघं ठरवतात की चार लोकांत आपण जोडी असल्यासारखं वागायचं. त्याचे नियम ठरतात, मुदत ठरते. आणि हे नाटक करता करता खरंच जीव जडतो. गंमत अशी की दोघांनाही वाटत राहतं, समोरचा अजून नाटकच करतोय. वाचणारीला मात्र सगळं आधीच कळलेलं असतं.

ही काही आजची युक्ती नाही. जॉर्जेट हेयर नावाच्या इंग्लंडमधल्या लेखिकेची ‘कोटिलियन’ ही कादंबरी १९५३ सालची. त्यात किटी नावाची अनाथ मुलगी आहे. तिला सांभाळणारा चिक्कू म्हातारा जाहीर करतो, की माझ्या नात्यातल्या तरुणांपैकी एकाशी लग्न केलंस तरच माझा पैसा तुला मिळेल. किटीचं मन त्यातल्या एका रुबाबदार तरुणात गुंतलेलं, पण तो काही पुढे येत नाही. मग ती फ्रेडी नावाच्या साध्या, कपड्यांच्या शौकीन मुलाला गळ घालते, की तू माझ्याशी लग्न ठरल्याचं नुसतं सांग. मला एकदा लंडन बघायला मिळू दे आणि त्याला जरा जळू दे. फ्रेडी कुरकुरत तयार होतो. पुढे तिच्या लक्षात येतं की अडीअडचणीला धावून येणारा, शांतपणे वाट काढणारा माणूस हा फ्रेडीच आहे. रुबाबदार होता तो नुसताच रुबाबदार होता.

आता अलीकडचं बघू. जेनी हान या कोरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची ‘टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ ही कादंबरी २०१४ साली आली आणि २०१८ साली तिच्यावरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. यातली लारा जीन शाळकरी मुलगी आहे. आई गेलेली, वडील डॉक्टर, मोठी बहीण शिकायला परदेशी गेलेली. हिला जो मुलगा आवडतो त्याला ती मनातलं सगळं पत्रात लिहिते, पण पत्र पाठवत मात्र नाही, टोपीच्या डब्यात ठेवून देते. आणि एक दिवस ती सगळी पत्रं टपालात पडतात! त्यातलं एक तर मोठ्या बहिणीच्याच आधीच्या मित्राला जातं. आता त्याला तोंड कसं दाखवायचं? म्हणून ती पीटर नावाच्या मुलाबरोबर खोटी जोडी जमवते. पीटरलाही त्याच्या आधीच्या मैत्रिणीला जळवायचं असतं. दोघं चक्क कागदावर करार लिहितात. चित्रपटात तिची अट असते, की चुंबन घ्यायचं नाही. तो ती अट मानतो.

तिसरं उदाहरण ॲली हेजलवूड यांच्या ‘द लव्ह हायपोथेसिस’ या २०२१ सालच्या कादंबरीचं. लेखिका स्वतः मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक आहेत. त्यांची नायिका ऑलिव्ह ही स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएचडी करते. तिची आई स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेलेली, म्हणून तो रोग लवकर कसा ओळखता येईल हाच तिच्या संशोधनाचा विषय. जवळच्या मैत्रिणीला एका मुलाशी मोकळ्या मनानं मैत्री करता यावी, म्हणून हिला दाखवायचं असतं की माझं दुसरीकडे जुळलंय. त्या गडबडीत ती विभागातल्या एका कडक प्राध्यापकाला जोडीदार ठरवून बसते. तो तिचा मार्गदर्शक नसतो. त्याचाही फायदा असतो. तो विद्यापीठ सोडून जाईल या भीतीनं त्याचा संशोधनाचा निधी अडवून ठेवलेला असतो, आणि इथे त्याचा जीव गुंतलाय असं दिसलं तर तो सुटणार असतो. मग दर बुधवारी सगळ्यांसमोर कॉफी प्यायची असं दोघांचं ठरतं.

अशा कितीतरी आहेत. पण मला बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. शेवट माहीत असतानाही बायका आणि मुली या गोष्टी पुन्हा पुन्हा का वाचतात? त्यातून त्यांना कसला दिलासा मिळतो?

पहिलं कारण शेवट माहीत असण्याचंच. श्रावणातल्या कहाण्या आपण दर वर्षी ऐकतो. राणीचं चांगलं होणार हे ठाऊक असतं, म्हणूनच मधली वनवासाची दुःखं आपण सोसू शकतो. कहाणी सुफळ संपूर्ण होणार याची खात्री असते. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं या प्रकाराची व्याख्याच अशी केली आहे, की मध्यवर्ती गोष्ट प्रेमाची हवी आणि शेवट समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. दिवसभर कुणाचं आजारपण, कुणाची फी, पावसाची वाट यात गेलेल्या बाईला अर्धा तास तरी ‘शेवटी बरंच होणार’ अशा जगात बसायला मिळतं.

१९८४ साली जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी रोमान्स वाचणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी नुसती पुस्तकं तपासली नाहीत, तर वाचणाऱ्या गृहिणींशीच त्या बोलल्या. त्या बायकांच्या बोलण्यातून एक गोष्ट पुढे आली. हातात पुस्तक असतं तेवढा वेळ आपला स्वतःचा असतो, तेवढा वेळ आपण कुणाची आई नसतो, कुणाची बायको नसतो. सबंध दिवस दुसऱ्यांची काळजी घेणाऱ्या बाईला पुस्तकात कुणीतरी नायिकेची काळजी घेताना दिसतं, त्यानंही तिला बरं वाटतं. हे ऐकलं की ‘काय ही थिल्लर पुस्तकं!’ असं पटकन म्हणवत नाही.

दुसरं कारण नकाराच्या भीतीचं. आपल्याकडे मुलीनं ‘मला तू आवडतोस’ असं म्हणणं किती अवघड! म्हटलं आणि तो नाही म्हणाला तर? त्यानं चार मित्रांत सांगितलं तर? लुटुपुटूच्या जोडीत ही भीतीच उरत नाही. सगळं खोटंच आहे असं आधी ठरलेलं असतं, त्यामुळे नायिका बिनधास्त त्याच्या शेजारी बसते, मनातलं बोलते, त्याचं ऐकते. पाण्यात पडण्याआधी काठाला धरून पाय मारून बघावेत, तसं.

तिसरं कारण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. या गोष्टींत दोघं आधी बसून बोलतात. हात धरला तर चालेल का? घरच्यांना काय सांगायचं? किती दिवस? नको वाटलं तर कसं थांबायचं? आता आठवा बरं, आपल्यापैकी किती जणींची लग्न ठरताना असं बोलणं झालं होतं? पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे आले, चहा आला, स्वयंपाक येतो का हे विचारून झालं. देण्याघेण्याची बोलणी मोठ्यांनी केली. पण तुला पुढे शिकायचंय का, नोकरी करायचीय का, मूल कधी हवं, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवलं का? मुहूर्त मात्र मिनिटासकट ठरला.

त्यातही एक गंमत बघा. पाहण्याच्या कार्यक्रमात नातं खरं जुळायचं असतं, पण दोन्हीकडची माणसं सोंग वठवत असतात. मुलगी खाली मान घालून हळू बोलते, मुलगा आज्ञाधारक दिसतो, शेजारच्यांकडून आणलेले कप मांडलेले असतात. कादंबरीत नातं खोटं असतं, पण एकमेकांवर छाप पाडायची नसल्यामुळे ती दोघं आपल्या खऱ्या स्वभावानं वागतात. ऑलिव्ह भुकेली असेल तर भुकेली दिसते, चिडली तर चिडते. तिचं हे रूप बघूनच तो तिच्यात गुंततो. ‘आहे तशी मी कुणाला आवडेन का?’ हा प्रश्न कितीतरी मुलींच्या पोटात असतो. त्याला या गोष्टी ‘हो’ म्हणतात.

चौथं कारण म्हणजे गृहपाठ! नाटक वठवायचं तर समोरच्याची माहिती हवी. २००९ साली ‘द प्रपोजल’ नावाचा अमेरिकन चित्रपट आला होता. त्यातल्या कॅनडाच्या बाईंना व्हिसाअभावी अमेरिका सोडावी लागणार असते, म्हणून त्या आपल्या हाताखालच्या माणसाशी लग्न ठरल्याचं सांगतात. सरकारी अधिकाऱ्याला संशय येतो. तो दोघांना प्रश्न विचारणार असतो. मग दोघं एकमेकांची माहिती पाठ करायला लागतात. कशाची ॲलर्जी आहे, कशाची भीती वाटते, लहानपणी काय झालं होतं. हे बघताना आपण हसतो, आणि हसता हसता कुठेतरी टोचतं. पंचवीस वर्षं संसार झालेल्या एखाद्या घरी विचारून बघा, बायकोला कोणती भाजी आवडत नाही. बायकोला नवऱ्याचा चहा किती साखरेचा ते झोपेतही ठाऊक असतं. उलट बाजूचं उत्तर किती ठिकाणी येईल? आपल्याबद्दलही कुणी असा गृहपाठ करावा, ही साधी इच्छा या गोष्टी पुरी करतात.

पाचवं कारण लोकांच्या तोंडाचं. ‘यंदा कर्तव्य आहे का?’ हा प्रश्न जगात सगळीकडे आहे, आपल्याकडे जरा जास्तच. फराह हेरॉन यांची ‘ॲक्सिडेंटली एंगेज्ड’ ही २०२१ सालची कादंबरी कॅनडात टोरांटोला घडते. नायिका रीना ही भारतीय वंशाच्या मुस्लिम कुटुंबातली. आईवडील स्थळं आणून थकत नाहीत. असंच एक स्थळ म्हणून त्यांनी निवडलेला नदीम नेमका तिच्या समोरच्या घरात राहायला येतो. रीना त्याच्याशी लग्न करायचंच नाही असं ठरवून बसलेली. पण तिला पाव भाजायचं विलक्षण वेड, आणि एका पाककला स्पर्धेत फक्त जोडप्यांना प्रवेश असतो. तेव्हा आईबापांच्या स्थळालाच ती खोटा नवरदेव बनवते. या गोष्टीत आईवडील दुष्ट नाहीत. ते फक्त ऐकत नाहीत. ते जे मनापासून देऊ पाहतात तेच ती नाकारते, कारण तिला कुणी विचारलेलंच नसतं. आणि तिनं स्वतः निवडल्यावर तोच माणूस तिला आवडतो. आईच्या भूमिकेतल्या मैत्रिणींनी या गोष्टीवर जरूर विचार करावा.

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आपण टीव्हीवर किती वेळा बघितलाय! घरमालकीण लीलाबाई फक्त जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायका होतात. घर मिळावं म्हणून रचलेला हा खोटा संसारच. आणि २०१२ साली झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ लागायची. घना आणि राधा दोघांनाही लग्नाची घाई नव्हती, घरच्यांचा आग्रह मात्र सुटत नव्हता. म्हणून ते आपसात करार करून लग्न करतात, आणि मग प्रेमात पडतात. ती मालिका सुरू झाली की घरातल्या आजीसुद्धा टीव्हीपुढून हलत नसत. आपल्या मातीत या गोष्टीला एक वळण मात्र मिळालं. तिकडे खोटं प्रेमप्रकरण चालतं, इकडे खोटं असलं तरी लग्नच लागतं. दोन तरुण माणसांना एकमेकांजवळ बसून बोलायला आपल्याकडे तेवढंच एक मान्य कारण आहे, त्याला गोष्ट तरी काय करणार?

इथवर गोडगोड झालं. आता दोन कडू गोष्टी.

पहिली अशी, की या गोष्टींत खोटं बोलण्याची किंमत फार थोडी मोजावी लागते. कादंबरीत सगळं उघड झालं की दोन पानं रडारड होते आणि मग समेट. आपल्या गावात एखादी मुलगी कुणाच्या गाडीवर मागे बसलेली दिसली तरी तिचं शिक्षण बंद होऊ शकतं, आणि मुलाला कुणी काही विचारत नाही. म्हणून मुलींनो, तुम्हाला एक सांगते. कुणी म्हणालं, ‘मित्रांना दाखवायला तुझा एक फोटो दे, गंमत म्हणून’, तर ती कादंबरीतली गंमत नव्हे. कादंबरीतला करार दोघांच्या सोयीचा असतो, दोघांना सारखा बांधतो आणि दोघांपैकी कुणालाही तो केव्हाही मोडता येतो. या तीन गोष्टी नसतील तर तिथून उठायचं.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. आपल्या आजूबाजूला उलट्या तऱ्हेच्या लुटुपुटूच्या जोड्या कमी नाहीत. लग्न खरं, मंगळसूत्र खरं, आणि सुख मात्र चार लोकांत दाखवण्यापुरतं. लग्नकार्यात दोघं शेजारी उभी राहून फोटो काढतात, आणि घरी मारहाण असते, नाहीतर महिनोन्‌महिने अबोला. त्या बाईनं हे नाटक स्वतः निवडलेलं नसतं. त्याला मुदत नसते, अटी नसतात आणि मोडायची सोयही नसते. माहेरचे म्हणतात, निभावून ने. अशी कुणी आत्ता ऐकत असेल तर तिनं एवढं लक्षात ठेवावं. महिलांसाठीचा मदतीचा नंबर १८१ आहे, आणि जिवाला धोका असेल तर ११२. घरातल्या हिंसाचाराविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी असतात आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो. हे नाटक वठवत राहणं हे तुमचं कर्तव्य नाही.

ऑलिव्हच्या गोष्टीतही एक असा प्रसंग आहे. एक नावाजलेला शास्त्रज्ञ तिच्याशी गैरवागतो आणि वर म्हणतो, तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? तिच्या फोनमध्ये ते बोलणं नकळत ध्वनिमुद्रित झालेलं असतं, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारी माणसं निघतात. हलक्याफुलक्या म्हटलेल्या पुस्तकात हे वाचलेल्या मुलीला पुढे कधी तसा प्रसंग आला, तर निदान आपण एकटी नाही हे तिला ठाऊक असेल.

आता आयांसाठी थोडं. मुलगी असं काही वाचत असेल तर फोन हिसकावून घेऊ नका. कोणतं पुस्तक कोणत्या वयाला, एवढं मात्र बघा. जेनी हान यांची पुस्तकं किशोरवयीन मुलींसाठीच लिहिलेली आहेत. हेजलवूड यांचं पुस्तक मोठ्यांसाठी आहे, त्यात शरीरसंबंधाचं मोकळं वर्णन येतं. ते बघून घेतलंत, की मग तिला विचारा, ‘पुढे काय झालं गं?’ मुलगी स्वतःबद्दल बोलायला लाजते, पण लारा जीनबद्दल तासभर बोलेल. त्या बोलण्यातून तिला कसा माणूस हवाय ते तुम्हाला कळेल. बहुतेक वेळा उत्तर बंगला-गाडी असं नसतं. ‘तो तिचं ऐकतो’, ‘त्यानं विचारलं आणि मगच हात धरला’, अशी साधी उत्तरं येतात.

मुलग्यांनीही ही पुस्तकं वाचायला हरकत नाही. टॅलिया हिबर्ट या इंग्लंडच्या लेखिकेच्या ‘टेक अ हिंट, डॅनी ब्राउन’ या २०२० सालच्या कादंबरीतला नायक झफीर हा धिप्पाड, रग्बी खेळलेला गडी. वडील आणि भाऊ गमावल्याचं दुःख आणि मनाची घालमेल त्यानं सोसलेली आहे. हा गडी स्वतः रोमान्स कादंबऱ्या वाचतो, कारण त्यांत शेवट बरा होतो. मुलग्यांना मन मोकळं करता यावं म्हणून तो काम करतो. आपल्या घरातल्या मुलग्यालाही हे सांगायला हवं, की आधार शोधणं हे काही फक्त बायकांचं काम नाही.

जाता जाता एक काम देते. आज रात्री जेवताना घरात तो ‘गृहपाठ’ करून बघा. प्रत्येकानं एकमेकाबद्दल तीन गोष्टी सांगायच्या. काय आवडतं, कशाची भीती वाटते, आणि सध्या मनात काय चाललंय. नवऱ्याला सांगता आलं नाही तर भांडू नका, शांतपणे उत्तर सांगा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. सासूबाईंनाही विचारायला विसरू नका. त्यांना तर कित्येक वर्षांत कुणी विचारलंच नसेल. काय काय उत्तरं आली ते आपल्या केंद्राला फोन करून कळवा, नाव सांगायची गरज नाही.

चला, दळण टाकायची वेळ झाली असेल. पुढच्या बुधवारी याच वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.